अग्रहाराबाहेरचे घर

भाड्याचे घर शोधणे हा वरवर पाहता व्यवहाराचा विषय आहे. खोल्या किती, पाणी कोठले, भाडे काय, अनामत किती, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे तो संपावयास हवा. प्रत्यक्षात तो तेथे सुरू होतो. घर देणारा घेणाऱ्याच्या घराण्याची, ताटाची आणि सवयींची चौकशी करतो. घर घेणाराही उंबऱ्याशी उभा राहून ह्या आळीत आपला निभाव लागेल की नाही ह्याचा अंदाज घेत असतो. मराठी ‘भाडे’ आणि तमिळ ‘वाडगै’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘भाटका’शी जोडले जातात. शब्दांचे हे नाते कोशात सहज सिद्ध करता येते. पण सातारचे एक मराठी कुटुंब कुंभकोणमला घर शोधू लागले, तेव्हा नात्यांचे सगळेच धागे इतक्या सरळपणे हाती लागत नाहीत, असा अनुभव त्यास आला.

कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलारु ह्या दोन नद्यांच्या मधले देवळांचे गाव. कुंभेश्वर, शार्ङ्गपाणी, चक्रपाणी, नागेश्वर आणि रामस्वामी अशी थोरली देवळे जवळजवळ उभी आहेत आणि गावातले बरेच रस्ते त्यांच्या नावांनीच ओळखले जातात. मध्यभागी महामहमचे तळे आहे. दर बारा वर्षांनी तेथे स्नानाचा महोत्सव भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये येईल. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी विद्यालयाचे पुढे महाविद्यालय झाले आणि त्याच्या लौकिकामुळे ह्या गावास ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणण्याची प्रथा पडली. गणिती रामानुजन ह्यांचे बालपण येथल्याच शार्ङ्गपाणी सन्निधी रस्त्यावरील एका लहानशा घरात गेले. पितळी समया, रेशमी साड्या, विड्याची पाने आणि दाट दुधाची ‘डिग्री कॉफी’ ही गावाची बाजारातली ओळख. २०२१ मध्ये येथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी सकाळी दारापुढे रांगोळी काढणाऱ्या स्त्रियांच्या लगबगीत त्यामुळे काही फरक पडलेला दिसत नाही.

मराठी वाचकास ह्या गावाचा परिचय सहसा तंजावूरच्या वाटेने होतो. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूर घेतले, आणि दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले तोपर्यंत तेथे भोसल्यांची गादी राहिली. १७९९ च्या तहानंतर त्या गादीचा अंमल तंजावूरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा मुलूख एवढ्यापुरताच उरला होता, ही गोष्ट वेगळी. त्या सुमारे एकशेऐंशी वर्षांत सरदारांबरोबर कारकून, पुराणिक, वैद्य, कीर्तनकार आणि रामदासी गोसावी कावेरीकाठी येऊन स्थिरावले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे ह्यांनी मराठीत नाटके लिहिली; त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतील प्रयोगाच्या सुमारे दीड शतक आधीचे. मराठी कीर्तनाच्या वळणावर येथे हरिकथा घडली आणि तंजावूर कृष्ण भागवतर (१८४७–१९०३) ह्यांनी तिला दक्षिणेत प्रतिष्ठा मिळवून दिली. कुंभकोणमजवळच्या मरुदनल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी भजनाची जी पद्धती बांधली, तिच्या परंपरेत मराठी अभंगांनाही कायमची जागा मिळाली.

राज्य गेल्यावर ह्या घराण्यांतील देशस्थांनी इंग्रजी शिक्षणाची कास धरली. त्यांचे एक मोठे केंद्र कुंभकोणम हे होते. सर टी. माधवराव १८२८ मध्ये येथेच जन्मले. त्रावणकोरची दिवाणगिरी केल्यावर ते इंदूरला होळकरांचे आणि १८७५ पासून बडोद्यास गायकवाडांचे दिवाण झाले. त्यांचे बंधुवर्गातले आर. रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण. १८५० मध्ये येथे जन्मलेले व्ही. पी. माधवराव ह्यांच्या नावातल्या दुसऱ्या अक्षराआड ‘पाटणकर’ दडलेले होते. त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे ह्या तिन्ही संस्थानांत ते दिवाण होते. दक्षिणेत उतरलेली मराठी अशी दोन शतकांनी फिरून मराठी दरबारांत गेली. आडनावे मात्र वाटेत गळाली. तमिळ रिवाजाप्रमाणे आद्याक्षरे पुढे आली, पुरुषांच्या नावामागे ‘राव’ आणि स्त्रियांच्या नावामागे ‘बाई’ तेवढे उरले. शेजारपाजारचे तमिळ लोक त्यांस आदराने ‘रायर’ म्हणतात.

ही सारी माहिती सातारच्या त्या गृहस्थांना, निदान त्यांच्या पत्नीला, होती. ते एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. पत्नी मराठीच्या एम. ए. जून २०२२ मध्ये त्यांची तीन वर्षांसाठी कुंभकोणमला बदली झाली, तेव्हा बाईंनी नकाशा पाहण्याआधी तंजावूरच्या नाटकांवरचे आपले जुने टिपण काढून पाहिले. बरोबर नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आषाढीची वारी तिने अनेकदा पायी केली होती, अभंग शेकड्यांनी पाठ होते, पण वाचणे अक्षर लावून लावून. मराठीपलीकडची कोणतीही भाषा तिला येत नव्हती. मुलगा दिवसभर बँकेत, नात शाळेत आणि सून नव्या गावाची घडी बसवण्यात गुंतल्यावर ही म्हातारी कोणाशी बोलणार, हा त्या कुटुंबापुढचा खरा प्रश्न होता. घराचा शोध वस्तुतः आईसाठी शेजाराचा शोध होता.

महामहम तळ्याजवळच्या एका लॉजमध्ये मुक्काम टाकून शोध सुरू झाला. त्या वर्षी मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेच्या १२ जूनऐवजी २४ मे रोजीच सोडले गेले होते. कावेरी वाहती होती आणि कालव्यांच्या कडेने कुरुवै भाताची धांदल चालली होती. दलालाने पहिल्याच दिवशी समजावून सांगितले की गावात घरे तीन प्रकारची आहेत. देवळांच्या आसपासची जुनी, अग्रहारांतली. बाजारपेठेतली, दुकानांच्या माथ्यावरची. आणि गावाबाहेर नव्या वसाहतींतले फ्लॅट. अनामत दहा महिन्यांच्या भाड्याएवढी मागण्याचा रिवाज आहे. २०१७ चा राज्याचा भाडेकायदा २०१९ मध्ये अमलात आला आणि त्याने, वेगळा करार नसेल तर, राहत्या घरासाठी तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेण्यास मनाई केली. पण ते ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द मालकांनी नीट वाचलेले असतात. ‘ओत्ति’ नावाचीही एक पद्धत आहे. तीत एकरकमी मोठी रक्कम मालकाकडे ठेवावयाची, भाडे द्यावयाचे नाही आणि घर सोडताना ती रक्कम जशीच्या तशी परत घ्यावयाची. बँकेतल्या गृहस्थांनी तिच्यातले व्याज मनातल्या मनात काढून पाहिले आणि नकार दिला.

घरे दाखवताना एक प्रश्न प्रत्येक दारात आला, कधी सरळ, कधी वळसा घेऊन. ‘शुद्ध शाकाहारी ना?’ काही दारांवर तो पाटीवरच लिहिलेला होता, तेव्हा विचारण्याचे श्रम वाचत. गृहस्थ खरे ते सांगत, आणि दलाल पुढच्या रस्त्याकडे वळे. सातारा-पुण्याकडे आडनाव ऐकून ‘घर कालच गेले’ म्हणणारे मालक त्यांच्या पाहण्यातले होते, त्यामुळे ह्या प्रकारात तमिळ असे काही विशेष त्यांना आढळले नाही. फक्त तिकडे जे आडनावावरून कळते, ते इकडे ताटावरून विचारावे लागते, एवढाच फरक.

चौथ्या दिवशी दलालाने कावेरीच्या बाजूच्या एका अग्रहारात नेले. दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लागून असलेली कौलारू घरे, प्रत्येकापुढे बसावयाची तिण्णै, आत आगगाडीच्या डब्यासारखे एकामागे एक दालन, मध्ये उघडा चौक, मागे विहीर आणि तिच्यामागे परसू. एका घराचा अर्धा भाग भाड्याने द्यावयाचा होता. तिण्णैवर एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसले होते. पत्नी नवऱ्याला हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, ह्या खांबांचं लाकूड बघा.” वर्तमानपत्र खाली आले आणि उत्तरही. “सागवान. ब्रह्मदेशचे.”

पुढचा तासभर कोणीच घराविषयी बोलले नाही. रायर चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. घरात ते आणि त्यांच्या पत्नी मराठी बोलत. मुलगे चेन्नईला आणि अमेरिकेत. त्यांना ती कळते, नातवंडांना कळत नाही. रायरांच्या मराठीची वाक्ये तमिळच्या चालीने चढत-उतरत होती, मधले पुष्कळ शब्द तमिळचेच होते आणि काही मराठी शब्द असे होते की पत्नीला ते केवळ बखरींत भेटलेले. महाराष्ट्रात ते आयुष्यात एकदाच गेले होते, पंढरपूरला. गाव कोणते, असे त्यांनी विचारले. ‘सातारा’ हे उत्तर ऐकून ते थोडे थांबले. त्यांच्या लेखी सातारा हे गाव नव्हते. ते पोथीतले नाव होते. आतून पितळी दवऱ्यात कॉफी आली. रायरांच्या पत्नी आईजवळ खाली बसल्या आणि दोघी एकमेकींच्या मुलांची संख्या विचारू लागल्या. लॉजवर चार दिवस मुकी बसलेली आई बोलू लागली हे मुलाने पाहिले, आणि भाडे कितीही सांगितले तरी घासाघीस करावयाची नाही असे त्याने मनाशी ठरवले.

मग तो प्रश्न आला. रायरांनी तो चोरट्या सुरात विचारला नाही. घरात मांस-मासे चालते काय, एवढेच त्यांनी सरळ विचारले. गृहस्थांनी सांगितले, आई माळकरी आहे, तिचे काही प्रश्नच नाही. आम्ही मराठा, आम्ही खातो. रोज नव्हे, आणि ह्या घरात शिजवणार नाही असा शब्द देतो. रायर बराच वेळ चौकातल्या उन्हाकडे पाहत राहिले. शब्दावर त्यांचा अविश्वास नव्हता. पण विहीर एक, मागचे दार एक. वर्षाकाठी घरात वडिलांचे श्राद्ध होते, एकादशीला भजन बसते, शेजारी काय म्हणतील ते वेगळेच. “तुम्ही राजांकडचे,” ते म्हणाले. “आम्ही त्यांच्या अन्नावर वाढलेले. पण घर—” हे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. विचार करून कळवतो, असे सांगितले. ह्या शब्दांचा अर्थ मराठीत आणि तमिळमध्ये एकच होतो.

परतताना रिक्षात कोणी काही बोलले नाही. वळणावर आईने विचारले, “तुकाराम महाराज आलं असतं त्या दारात, तर त्यांना तरी दिलं असतं का वो घर?”

ह्या प्रश्नात कडवटपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. कारण कॉफी पिताना रायरांच्या पत्नीने तिला सांगितले होते की त्यांच्या भजनात तुकोबांचे अभंग असतात. आणि तुकोबा कुणबी होते, वाण्याचा धंदा करीत होते, हे वारीला गेलेल्या बाईला कोणी सांगावयास नको. प्रश्न असा होता की ज्याचे शब्द देवघरात चालतात, तो माणूस परसात का चालू नये. त्याला उत्तर शोधू गेले तर ते एकट्या रायरांच्या पदरी टाकता येत नाही. शब्द हलके असतात, ते कोठल्याही घरात राहू शकतात. माणसाबरोबर त्याची चूल येते.

कुंभकोणमच्या उत्तरेला काही मैलांवर तिरुविसनल्लूर हे गाव आहे. शहाजीराजांनी १६९३ मध्ये ते ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्यास शहाजिराजपुरम् असे नाव पडले. त्या अग्रहारात श्रीधर वेंकटेश, ज्यांस लोक अय्यावाळ म्हणतात, हे शिवभक्त कवी राहत. त्यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पित्याच्या श्राद्धाच्या दिवशी दाराशी आलेल्या एका भुकेल्या अंत्यजास त्यांनी श्राद्धाचा स्वयंपाक वाढला. अग्रहाराने त्यांस वाळीत टाकले आणि गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. त्यांनी गंगेची प्रार्थना केली, तेव्हा गंगा त्यांच्या परसातल्या विहिरीतून उसळून वर आली आणि साऱ्या अग्रहारात पाणी झाले. आजही कार्तिकातल्या अमावस्येस हजारो लोक त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करतात. पत्नीला ही कथा पूर्वी वाचून माहीत होती. पण त्या दिवसापर्यंत ती तिला भक्तिकथा वाटत आली होती. आता तिच्या ध्यानात आले की कथेतला चमत्कार गंगा येण्याचा नव्हे. ज्या आळीने दार लावले, तिच्याच विहिरीतून उत्तर आले, हा तो चमत्कार.

ह्याच राजवटीचा दुसरा वारसाही विसरता येत नाही. तंजावूरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबांच्या नावे ओरत्तनाडूला उभारलेले छत्र त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी ह्या छत्रांची व्यवस्था सांगितली आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळे. शिजलेले चालत नसेल त्यास शिधा मिळे. म्हणजे एकाच राजघराण्याने अग्रहारही दिले आणि छत्रेही बांधली. अग्रहारात कोण राहील हे दानपत्राने ठरे. छत्रात मात्र येईल तो पाहुणा. फरक एवढाच की छत्रात कोणी कायमचे राहत नाही. परक्याला दार उघडणे सोपे जाते ते तो उद्या जाणार असतो म्हणून. तो राहावयास आला म्हणजे खरी परीक्षा होते, आणि भाडेकरू हा वाटसरू आणि रहिवासी ह्यांच्या मधला माणूस असल्यामुळे ती परीक्षा त्याच्याच वाट्याला पहिल्याने येते.

घर शेवटी मिळाले ते नव्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. मालक सौराष्ट्र समाजातले रेशमाचे व्यापारी. विणकरांचा हा समाज काही शतकांपूर्वी गुजरातेकडून निघून टप्प्याटप्प्याने दक्षिणेत आला, असे त्यांची परंपरा सांगते. मदुरेला त्यांची मोठी वस्ती आहे आणि कुंभकोणमलाही आहे. त्यांची बोली घरात अजून चालते. मालकाने आपल्या आईशी चार वाक्ये त्या बोलीत केली, तेव्हा गुजरातीच्या कुळातली असूनही तिच्यातले काही शब्द मराठी कानांना चुलत्यांच्या घरातले वाटले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. माणसे किती आणि पाणी किती वापराल. अनामत सहा महिन्यांची ठरली. ताटाचा विषय निघाला नाही. स्वतः दूरदेशी येऊन राहिलेल्या समाजास परक्याची कळ अधिक असते, असे विधान येथे करण्याचा मोह होईल. पण रायरही दूरदेशीहून आलेल्यांचेच वंशज होते, हे लक्षात घेता ते टिकणार नाही. एवढेच म्हणता येईल की त्या घरापाशी विहीर नव्हती. कूपनलिकेचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढे आणि नळाने उतरे. नळाला सोवळे-ओवळे नसते.

दिवस बरे गेले आणि वाईटही. एप्रिल-मे महिन्यांत तो दुसरा मजला भट्टीसारखा तापे. ज्वारीचे पीठ मिळेना. आईच्या भाकरीसाठी ते साताऱ्याहून पार्सलने येऊ लागले. मुलीला शाळेत तमिळ शिकावे लागले. पहिले सहा महिने ती रडली, आणि नंतर घरातल्या सर्वांची दुभाषी झाली; भाजीवालीशी तिचे बोलणे ऐकून आजी आपल्या पदरात हसे. आईचे दिवस मात्र जड जात होते. गॅलरीतून खाली दिसणाऱ्या माणसांना ती ओळखू लागली, पण बोलणार काय? अशात एके दिवशी, भाडेकरार होऊन तीनेक महिने झाले असतील, रायर जिना चढून आले. बँकेत पेन्शनच्या कामाला गेले असता त्यांनी पत्ता विचारून घेतला होता. त्यांनी पाणी घेतले नाही. आणलेली विड्याची पाने आणि केळी आईपुढे ठेवली आणि सांगितले, एकादशीला भजन आहे, बाईंनी यावे.

आई गेली. जावे की नाही ह्यावर घरात वाद झाला होता. जेथे राहू दिले नाही तेथे गाण्यास का जावे, असे मुलाचे म्हणणे. आणि ते खोडून काढण्याजोगे नव्हते. सुनेने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि तिला कोठलीच पुरी पटली नाही. आईचा विचार सर्वांत साधा होता. विठोबाचे नाव कोठे घेतले जाते ह्यावर आपला हक्क सांगावयाचा नाही, आणि बोलावणे आले असता रुसून बसावयाचे नाही. भजनात तिच्या ध्यानात आले की चाली निराळ्या आहेत, टाळ कमी आहेत, बाजूला मृदंग आहे, आणि शब्द तेच आहेत. मात्र अनेक शब्दांचे उच्चार सरकले होते. पहिल्या एकादशीला ती गप्प राहिली. तिसऱ्या एकादशीला तिने एका जागी रायरांना थांबवून शब्द दुरुस्त केला. बसलेली मंडळी चपापली. गणिताच्या त्या जुन्या शिक्षकाने मान लववून ती ओळ पुन्हा, तिने सांगितली तशी, म्हटली.

पुढे रायर फ्लॅटवर वरचेवर येऊ लागले. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एकदा भिजून आले असता त्यांनी आपण होऊन कॉफी मागितली. ह्याला कोणी प्रसंग केला नाही. सुनेने कॉफी केली, त्यांनी घेतली. घर न दिल्याचा विषय त्यांनी एकदाच काढला, तोही आईपाशी. ते असे म्हणाले की त्या दिवशी त्यांना दोन गोष्टी एकदम करावयाच्या होत्या, वडिलांचे मोडावयाचे नव्हते आणि मराठी बोलणारे माणूस घालवावयाचे नव्हते. आईने सांगितले, झालं ते झालं. पण ‘बरं झालं’ असे ती म्हणाली नाही, हे सुनेने ऐकले.

ह्या मधल्या काळात अग्रहार वेगाने पालटत होता. एका घराचे लॉज झाले, दुसरे पाडून तेथे तीन मजले चढले. २०२८ च्या महामहमला येणाऱ्या यात्रेकरूंचा हिशेब त्या बांधकामांत आधीपासूनच धरलेला असणार. ज्या आळीत मासे खाणाऱ्या भाडेकरूस जागा नव्हती, तिच्यात आता कोण कोठून येऊन एक रात्र राहून जातो ह्याची चौकशी होत नाही. राहू पाहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला तिने वेळेवर आत घेतले असते तर ती टिकली असती काय? तसे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मुले दूर गेली म्हणजे घरे जातात. पण आत घेण्याजोगे माणूस दाराशी आले असता आळी आपल्या नियमांकडे पाहत राहिली, आणि नियम पाळणारे मागे कोणी उरले नाही, एवढे तरी घडले.

२०२५ मध्ये गृहस्थांची तीन वर्षे भरली आणि बदलीचा कागद येण्याची वेळ झाली. घरात पुन्हा जमाखर्च मांडला गेला. एका बाजूस उष्मा, तुटलेले आप्त, मुलीचे पुढले शिक्षण, आणि मनातून पुरते कधीच न गेलेले ते अर्धे वाक्य. दुसऱ्या बाजूस कावेरीचा घाट, मुलीच्या मैत्रिणी, दोनच प्रश्न विचारणारे मालक आणि महिन्याच्या दोन एकादश्या. बेरजा करून हा हिशेब सुटत नाही, कारण दोन्हीकडच्या रकमा एका नाण्यात नाहीत. आणखी एक वर्ष मिळावे असा अर्ज गृहस्थांनी केला आणि कारण म्हणून आईची प्रकृती लिहिली. ते खोटे नव्हते.

त्याच सुमारास रायरांनी घर विकले. मुलाकडे चेन्नईला जावयाचे ठरले. निघण्यापूर्वी त्यांनी आईला एक वही आणून दिली. त्यांच्या आजोबांनी उतरलेले अभंग तीत होते. भाषा मराठी, लिपी तमिळ. त्यांच्या घरात तीन पिढ्या मराठी अशीच लिहिली गेली. रायरांच्या नातवंडांना ती लिपी वाचता येते, पण भाषा कळत नाही. आईला भाषा कळते, पण लिपी येत नाही. वही त्यामुळे दोन्ही घरांत सारखीच मुकी होती.

ती वाचली नातीने. शाळेत रडून शिकलेली तमिळ अक्षरे लावीत ती संध्याकाळी आजीजवळ बसते. तमिळ लिपीत क, ख, ग आणि घ ह्यांस मिळून एकच अक्षर आहे. प, फ, ब, भ ह्यांसही एकच. ‘काय’, ‘खाय’ आणि ‘गाय’ सारखेच दिसतात, ‘भाव’ आणि ‘पाव’ सारखेच, ‘घर’ आणि ‘कर’ही सारखेच. नात दिसेल तसे वाचते. आजी डोळे मिटून ऐकते, अडखळलेली ओळ पाठातल्या ओळीशी ताडून पाहते आणि अक्षर दुरुस्त करून देते; सून ते देवनागरीत उतरून घेते. काही अभंग असे निघाले की ते आजीलाही ठाऊक नव्हते. तेथे तिघींना थांबावे लागते, आणि चेन्नईला फोन लावावा लागतो.